पंधरा वर्षांपूर्वीचे निसर्गफोटो आज पुन्हा एडिट करावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका हौशी छायाचित्रकारांकडे २००९ ते २०१३ या काळात निकॉन डी९० या कॅमेऱ्यावर काढलेले हजारभर निसर्गफोटो आहेत. रंकाळा, पन्हाळा, पंचगंगा घाट, गगनबावडा, राधानगरी. निम्मे रॉ (कॅमेऱ्यानं टिपलेली सगळी कच्ची माहिती असलेली फाइल), निम्मे नुसते जेपेग (कॅमेऱ्यानंच तयार करून आवळलेला फोटो). तेव्हा केलेलं एडिटिंग आता त्यांचं त्यांनाच बघवत नाही. मधल्या काळात लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरवर हात बसला आहे. ते विचारतात, हे सगळं नव्यानं करावं का, सुरुवात कशी करावी, पांढरंफटक आभाळ बदललं तर चालेल का, आणि यातून भिंतीवर लावण्याजोगी मोठी प्रिंट निघेल का. सोबत त्यांनी तीन नमुने पाठवलेत: रंकाळ्यावरचा सूर्यास्त, करूळ घाटातला पाऊस आणि मे २०१२ मधली पंचगंगा घाटावरची सकाळ.

करा. पण हजार फोटो करायला घेऊ नका, तीस करा. आणि ते तीस निवडताना तेव्हा दिलेले स्टार विसरून जा. त्या काळात आपण पाच स्टार द्यायचो ते बहुतेक रंगाला: भडक सूर्यास्त, निळंशार आभाळ, पावसाळी हिरवा. ढगाळ, धुकट, करडे फोटो बाजूला पडायचे, कारण त्यांचं काय करायचं ते येत नव्हतं. माझ्या आज जवळच्या वाटणाऱ्या फोटोंपैकी निम्मे तरी तेव्हा मीच नापास केलेले आहेत. सगळे फोटो आधी काडेपेटीएवढे लहान करून बघा. तेवढ्या आकारातही उजेड कुठून आला आणि नजर कुठं थांबते हे कळलं, तर रचना पक्की आहे. दुसरी खूण म्हणजे तो फोटो बघताना तुम्ही तिथं कसे उभे होतात ते आठवतं का, वारा कसा होता, हवा दमट होती की कोरडी. ही आठवण पुढे रंग ठरवताना थेट कामाला येते.

त्याआधी ती जुनी हार्ड डिस्क. ती आज चालू होते म्हणून उद्या होईलच असं नाही. सगळं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, त्यातली एक दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवा. फोटोंबरोबर एक्सएमपी फाइली आणि लाइटरूमचा जुना कॅटलॉग असेल तर तोही घ्या. तुम्ही तेव्हा काय केलं होतं ते त्यातच लिहिलेलं आहे.

लाइटरूम मूळ फाइलीला हात लावत नाही. तुमची २०१० ची रॉ फाइल आजही त्या दिवशी कॅमेऱ्यातून निघाली तशीच आहे. पण एडिटिंग ज्या पद्धतीनं झालं ती पद्धत, म्हणजे प्रोसेस व्हर्जन, फोटोला चिकटलेली राहते. २०१२ साली लाइटरूम ४ आलं तेव्हा उजेड-अंधार हाताळायची सगळी यंत्रणाच बदलली. रिकव्हरी, फिल लाइट, ब्राइटनेस हे स्लाइडर गेले आणि हायलाइट्स (उजळ भाग), शॅडोज (सावल्या), व्हाइट्स (अगदी पांढरं टोक) आले. ब्लॅक्स (अगदी काळं टोक) राहिला. त्याआधी एडिट केलेला फोटो उघडला की जुनी यंत्रणाच समोर येते, आणि पुष्कळजण तिच्यावरच काम सुरू करतात. तसं करू नका. आधी व्हर्च्युअल कॉपी (त्याच फाइलीची लाइटरूममधली दुसरी आवृत्ती) काढा, म्हणजे जुनं रूपही जपून राहील. मग कॅलिब्रेशन पॅनेलमध्ये जाऊन कॉपीचं प्रोसेस नवं करा आणि सगळे आकडे शून्यावर आणा. जुना ऑइलपेंट खरवडल्याशिवाय भिंतीला नवा रंग धरत नाही, तसंच हे. लाइटरूमचं भाडं भरायचं नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही फुकट आहेत आणि रॉ फाइलीवर तितकंच गंभीर काम करतात.

आता मुख्य गोष्ट. ती माझ्या एका फोटोवरून सांगतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

जुलै २०११. पन्हाळ्यापुढचं मसाई पठार. पाऊस नुकताच उघडलेला, ओला जांभा, त्याच्या खाचांत साचलेलं पाणी, मध्ये लुसलुशीत गवत. गवतात म्हशी राखणारा एक म्हातारा, डोक्यावर घोंगडीची खोळ. पलीकडे दरी, आणि दरीपलीकडच्या डोंगरावर पावसाची पुढची सर उतरत होती. तो म्हातारा आणि ती सर, एवढ्यासाठीच मी थांबलो होतो.

मी तेव्हा त्या फोटोचं काय केलं? एकाच रॉ फाइलीतून तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या (कमी-जास्त उजेडाच्या) प्रती काढल्या आणि त्या एकत्र करून एचडीआर करून घेतलं. क्लॅरिटी (कडांचा उठाव) ६०, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) ४०. पठाराच्या कडेला आभाळ भिडतं तिथं पांढरी किनार उमटली. ओला जांभा जांभळट झाला, गवत पोपटी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लांबच्या डोंगरावरची सर जवळच्या दगडाइतकीच करकरीत झाली. फोटोतलं अंतरच संपलं. पाच किलोमीटर पलीकडचा डोंगर म्हाताऱ्याच्या खांद्याला येऊन टेकला. लोकांनी त्याचं कौतुक केलं, मलाही तो आवडत होता, ही त्या काळाची सवय होती. २०१६ मध्ये मी तो पुन्हा केला, या वेळी डीहेझ, म्हणजे धूसरपणा काढणारा स्लाइडर, वापरून. म्हणजे चूक तीच, हत्यार नवं.

तिसऱ्यांदा, गेल्या वर्षी, मी आधी फोटो एकही स्लाइडर न हलवता दोन दिवस नुसता बघितला. मग फोटोचे तीन भाग मनात वेगळे केले: पुढचा दगड, मधलं गवत आणि म्हातारा, मागची दरी आणि सर. निसर्गफोटोत गेल्या काही वर्षांत जो खरा बदल झाला आहे तो इथं आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाइटरूममध्ये मास्किंगचं, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडायचं, नवं पॅनेल आलं. आभाळ एका क्लिकवर वेगळं करता येतं. उजेडाच्या किंवा रंगाच्या पट्ट्यावरून भाग निवडता येतो, एका मास्कमधून दुसरा वजा करता येतो. पूर्वी ब्रशनं खटपट केली नाही तर एक आकडा हलवला की सगळा फोटो हलायचा. आता हवा तेवढाच तुकडा हलतो.

संपूर्ण फोटोला मी फार थोडं दिलं. एक्स्पोजर पाव स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), हायलाइट्स ३५ नं खाली, बस. पुढच्या दगडाला टेक्स्चर (बारीक पोत) १५ आणि ब्लॅक्स थोडे खाली, कारण काळा रंग शोभतो तो जवळच. पावसाळी हवेत लांब कुठंच खरा काळा नसतो. मागच्या डोंगराला उलट केलं: कॉन्ट्रास्ट १० नं कमी, क्लॅरिटी १० नं कमी, रंग किंचित निळ्याकडे. सर पुन्हा मागे गेली. मग ब्रश घेतला, फ्लो (एका फटक्यातला परिणाम) १० वर ठेवला आणि घोंगडीच्या उजेडाकडच्या कडेवरून तीन-चार वेळा हलकेच फिरवला. म्हाताऱ्याच्या पायाजवळचं गवत अर्ध्या स्टॉपनं उजळलं, त्याच्या मागची म्हैस तेवढीच गडद केली. चेहरा दिसत नाही, दिसायची गरजही नाही. पण आता नजर आधी त्याच्यावर जाते आणि मग त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या सरीवर.

या सगळ्याला पाऊण तास लागला. २०११ मध्ये मी त्याच फोटोवर सबंध रविवार घातला होता.

लांबचं फिकट, जवळचं गडद, हे काही सॉफ्टवेअरनं शिकवलेलं नाही. हवा आणि तिच्यातली धूळ, बाष्प प्रकाश विखुरतात, म्हणून डोंगर जितका लांब तितका फिका आणि निळसर दिसतो. आपल्या कोल्हापुरात हे बघायला पुस्तकाची गरज पडू नये. चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटीतीर्थ तळ्याच्या परिसरात राहून याच मातीतलं, पाण्यावरचं ऊन रंगवलं. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांढरे यांची पेस्टलमधली निसर्गचित्रं राजारामपुरीतल्या त्यांच्या कलासंग्रहालयात आहेत. एक दुपार काढून तिथं जा आणि चित्रात मागचा डोंगर किती कमी रंगात उभा केलाय ते बघा. माझ्या एडिटिंगला जे वळण लागलं ते अशा चित्रांसमोर उभं राहून, व्हिडिओ बघून नव्हे.

डीहेझबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जुने फोटो नव्यानं करताना सगळ्यात जास्त नुकसान हाच स्लाइडर करतो. २०१५ पासून तो लाइटरूममध्ये आहे. फोटोत कुठं किती धूसरपणा आहे याचा अंदाज घेऊन तो तेवढा वजा करतो, आणि करता करता कॉन्ट्रास्ट आणि रंगही वाढवतो. पन्हाळ्यावरून पूर्वेला जोतिबाचा डोंगर एप्रिलच्या दुपारी पांढुरक्या धुळीत बुडालेला असतो, तेव्हा त्याला दहा-पंधरा डीहेझ द्या, उपयोग होतो. पण आपल्याकडचा धूसरपणा पुष्कळदा हाच फोटोचा विषय असतो. माझ्याकडे जानेवारीतल्या एका पहाटेचा फोटो आहे. गुऱ्हाळघर, चुलवाणात चिपाडं पेटलेली, धुराड्यातून निघालेला धूर वर न चढता उसाच्या फडावर आडवा पसरलेला. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, म्हणून धूर असा दबून राहतो. मी त्या फोटोला डीहेझ ४५ दिलं होतं. ऊस छान तरतरीत झाला आणि धूर नाहीसा झाला. ज्या पहाटेसाठी चार वाजता उठून गेलो होतो तीच पुसून टाकली. आता त्या फोटोत डीहेझ शून्य आहे, धुराच्या पट्ट्यावर तर उणे ८. पुढच्या चार सऱ्यांनाच थोडा कॉन्ट्रास्ट दिलाय. धुराला किंचित पिवळी छटा ठेवली आहे, कारण सूर्य त्याच्या मागून उगवत होता. हल्ली गुऱ्हाळं कमी होत चालली आहेत. तो धूर फोटोत राहिलाच पाहिजे असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

तुमच्या करूळ घाटाच्या फोटोलाही हेच लागू आहे. तुम्ही त्यातलं धुकं साफ केलंय. परत आणा.

रंगाचं तापमान, म्हणजे व्हाइट बॅलन्स. डी९० मध्ये तुम्ही तो ऑटोवर ठेवला असणार, सगळेच ठेवायचे. ऑटो सगळा प्रकाश पांढऱ्याकडे ओढायला बघतो, त्यामुळे संध्याकाळचा सोनेरीपणा आणि पहाटेचा निळेपणा दोन्ही बोथट होतात. रॉ फाइलीत हे दुरुस्त करायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. माझी पद्धत अशी: तापमान आधी ५२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उन्हाचं, असं कायम करायचं आणि बघायचं. त्या आकड्यावर पहाट निळी दिसते, संध्याकाळ पिवळी दिसते, जशी ती डोळ्यांना होती. मग तिथून थोडं इकडेतिकडे. फोटोची तारीख-वेळही तपासा. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं नसेल तर सूर्य किती खाली होता ते त्यावरून कळतं. आपण कोल्हापूरकर तर दिवस आणि किरण यांचा हिशेब ठेवणारी माणसं. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणं मूर्तीवर कुठवर पोचतात ते बघायला आपण उभे राहतो, आणि हवेत धूळ किंवा बाष्प जास्त असलं की किरणं वाटेतच क्षीण होतात हेही आपल्याला माहीत असतं. तोच विचार फोटोत करायचा. मे महिन्यातली संध्याकाळ आणि डिसेंबरातली संध्याकाळ एकाच रंगाची करू नका.

हिरव्याचं सांगतो. पावसाळी फोटो जुने वाटतात ते बहुतेक हिरव्यामुळे. तेव्हा आपण सॅच्युरेशन वाढवायचो आणि सगळा मुलूख एकाच रंगात न्हाऊन निघायचा. प्रत्यक्षात उसाचा हिरवा पिवळसर असतो, भाताचा त्याहून कोवळा, राधानगरीच्या जंगलाचा काळपट निळसर, आणि दगडावरच्या शेवाळाचा आणखी वेगळा. हे चार हिरवे वेगळे राहिले की फोटो श्वास घेतो. कलर मिक्सरमध्ये हिरव्याचं सॅच्युरेशन १० ते २० नं कमी करा, पिवळ्याचं ह्यू (रंगछटा) थोडं नारिंगीकडे न्या, ल्युमिनन्स (उजळपणा) हलवून बघा. गवताच्या रंगाचा पुष्कळ भाग प्रत्यक्षात पिवळ्या स्लाइडरमध्ये असतो, हे मला फार उशिरा कळलं. हिरव्याला हात लावून काहीच होत नसेल तर पिवळ्याकडे जा.

आता आभाळ. फोटोशॉपमध्ये २०२० पासून आभाळ बदलायची सोय आहे आणि ती चालते छान. तरीही माझं उत्तर नाही असंच आहे. कारण तांत्रिक आहे आणि मनाचंही आहे. रंकाळ्याच्या फोटोत आभाळ बदललंत की पाण्यातलं प्रतिबिंब बदलावं लागेल. मग पायऱ्यांच्या ओल्या दगडावरची चमक, मग काठावरच्या माणसांच्या कडांवरचा उजेड. आभाळ हा जमिनीवरच्या सगळ्या उजेडाचा उगम आहे. तो बदलला की खालचं सगळं खोटं पडतं, आणि बघणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता आलं नाही तरी खटकतं. मनाचं कारण असं की ते आभाळ त्या संध्याकाळी रंकाळ्यावर नव्हतं. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोत एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला आणि पुढे कित्येक वर्षं त्याच्या प्रिंट काढत राहिले. नंतरच्या प्रिंटमध्ये आभाळ पहिल्यापेक्षा खूप काळं आहे. १९४८ मध्ये त्यांनी मूळ निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रियाही केली. पण आभाळ तेच, चंद्र तोच. आपल्याकडे एकच बंदिश गवई पंचविशीत एक मांडतो आणि साठीत दुसरी मांडतो, पण बंदिशीचे बोल बदलत नाही. माझी सीमारेषा तिथं आहे. प्लास्टिकची पिशवी मी काढून टाकतो, सेन्सरवरचे धुळीचे डाग काढतो. विजेचा खांब ठेवतो.

तुमच्या रंकाळ्याच्या फोटोत सूर्याभोवतीचा भाग पूर्ण पांढरा झालाय. हायलाइट्स उणे १०० करून बघितलंत ना? तिथं राखाडी चट्टा येतो. ज्या ठिकाणी लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग टोकाला जाऊन कापले गेले तिथं काहीच माहिती उरलेली नाही, आणि नसलेली माहिती कुठलाही स्लाइडर आणू शकत नाही. ते पांढरंच राहू द्या, सूर्य पांढरा दिसतोच. काम करायचं ते त्याच्या कडेवर. रेडियल (गोलाकार) मास्क मोठा घ्या, फेदर १०० (म्हणजे कड पूर्ण मऊ), तापमान थोडं उबदार, म्हणजे पांढऱ्याकडून पिवळ्याकडे आणि पिवळ्याकडून जांभळटाकडे जाणारा उतार मऊ होईल. आणि प्रतिबिंब आभाळापेक्षा नेहमी थोडं गडद असतं हे लक्षात ठेवा. तुम्ही पाणी आभाळापेक्षा उजळ केलंय, म्हणून काठावरचा शालिनी पॅलेस तरंगल्यासारखा दिसतो.

नुसत्या जेपेगबद्दल. रॉ फाइलीत डी९० प्रत्येक बिंदूला १२ बिट देतो, म्हणजे उजेडाच्या ४०९६ पायऱ्या. जेपेगमध्ये ८ बिट, २५६ पायऱ्या. म्हणून जेपेगचं आभाळ ओढलं की त्यात पट्टे पडतात. करूळ घाटाचा फोटो जेपेगच आहे, त्यात हात आखडता घ्या. कॅमेऱ्यानं आधीच शार्पनिंग केलेलं असतं, वर आणखी देऊ नका. काम १६ बिटमध्ये करा, टिफ (साठवताना माहिती न गमावणारी फाइल) म्हणून साठवा, जेपेगवर जेपेग साठवत जाऊ नका. जिथं सावली काळी ठप्प झाली आहे तिथं ती काळीच शोभेल अशी रचना करा. काही जेपेग कृष्णधवल केले की सुटतात. घाटातल्या पावसाचा तुमचा फोटो त्यातलाच आहे असं मला वाटतं, कारण त्यात रंग म्हणून फक्त एका एसटीचा लाल ठिपका आहे. तो तुम्हाला महत्त्वाचा असेल तर मात्र रंगीतच ठेवा.

नॉइजची, म्हणजे फोटोतल्या कणीदारपणाची, चिंता आता फारशी करायची गरज नाही. एप्रिल २०२३ पासून लाइटरूममध्ये एआयवर चालणारं डीनॉइज आहे आणि आयएसओ १६०० वर, म्हणजे कमी उजेडात, काढलेल्या जुन्या रॉ फाइली त्यातून आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ निघतात. फक्त आपोआप आलेला ५० चा आकडा तसाच ठेवू नका. गवत आणि पानं मेणाची दिसू लागतात. मी २५ ते ३५ च्या पुढे क्वचित जातो.

प्रिंट निघेल. डी९० चा फोटो ४२८८ गुणिले २८४८ पिक्सेलचा. इंचाला ३०० च्या हिशेबानं साधारण १४ बाय साडेनऊ इंच. भिंतीवरचा फोटो हात-दीड हात अंतरावरून बघतात, तिथं २०० नंही भागतं, म्हणजे २१ इंच रुंदी. त्याहून मोठं हवं असेल तर लाइटरूममधलं सुपर रिझोल्यूशन वापरा. ते दोन्ही बाजू दुप्पट करतं, १२ मेगापिक्सेलचे ४८ होतात. पण मूळ फोटो हललेला असेल तर हललेलाच मोठा होईल. एका लॅबमधून माझ्या बारा प्रिंट काळवंडून आल्या होत्या आणि मी त्यांच्यावर चिडलो होतो. नंतर तपासलं तर माझ्या स्क्रीनचा उजेडच गरजेपेक्षा दुप्पट होता. झगझगीत स्क्रीनवर एडिट केलेला फोटो कागदावर काळाच येणार. स्क्रीन कॅलिब्रेट करून घ्या, उजेड १०० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास ठेवा. ते यंत्र नसेल तर निदान स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा आणि दोघांचा पांढरा सारखा दिसेपर्यंत उजेड कमी करा. मोठ्या प्रिंटआधी ८ बाय १२ ची एक काढा, घरात जिथं लावणार त्याच भिंतीवर आठ दिवस ठेवा, सकाळी बघा, ट्यूबलाइटमध्ये बघा. मग पैसे घाला.

सुरुवात रंकाळ्यापासून नको. तो फोटो चांगला आहे, पण तसे सूर्यास्त रंकाळ्यावर अजून होतात. पंचगंगा घाटापासून करा. मे २०१२ मधल्या त्या सकाळी शिवाजी पूल एकटा उभा आहे, शेजारचा नवा पूल अजून झालेला नाही. पुढे २०१९ आणि २०२१ चे महापूर याच काठावरून गेले. तो काठ आता तसा सापडणार नाही, आणि तुमच्याकडे त्याची रॉ फाइल आहे. तुम्ही तेव्हा पुलाच्या कमानी ठळक करण्यासाठी घाट काळा करून टाकलाय आणि खालचा डावा कोपरा कापलाय. क्रॉप काढा, पूर्ण चौकट परत आणा. कमानींना काही करू नका, त्यांच्यावर ऊन आधीच आहे. घाटाच्या पायऱ्यांवर लिनिअर (सरळ उताराचा) मास्क घ्या आणि शॅडोज ३० नं उचला. तुमच्या नमुन्यात अगदी तळाशी, पाण्याच्या काठावर, दोन काळ्या आकृत्या अर्धवट कापल्या गेल्यात. मोठं करून बघितलं तर त्यातल्या लहानग्याच्या पाठीला पोहायला शिकायचा डबा बांधलाय आणि दुसऱ्यानं त्याचा हात धरलाय.